कापूस फुटण्याआधी: पदवीनंतर आणि नोकरीआधी करावयाच्या प्रवासाची तयारी

जुलै-ऑगस्टमध्ये शेवटच्या सत्राचा निकाल लागतो, तेव्हा विदर्भातल्या खेड्यातील पदवीधरापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. अमरावती, नागपूर किंवा पुण्यात खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी करणे, एखाद्या एमआयडीसीत मिळेल ती नोकरी धरणे, किंवा बाबांच्या हाताखाली वावर सांभाळणे. या तिन्ही वाटांना माझा विरोध नाही. त्यांतल्या दोन मी स्वतः चालून पाहिल्या आहेत. मात्र ज्यांनी आपला तालुका, महाविद्यालयाचे गाव आणि लग्नकार्याच्या निमित्ताने पाहिलेली दोन-चार ठिकाणे यांपलीकडे काही पाहिलेले नाही, त्यांनी पुढच्या तीस वर्षांच्या कामाची निवड एवढ्याशा माहितीवर करावी, हे मला पटत नाही. म्हणून कामाला लागण्याआधी चार-पाच आठवड्यांचा एक प्रवास करावा, असे मी ओळखीच्या प्रत्येक पदवीधराला सांगतो, आणि तो कसा करावा हे येथे सविस्तर लिहितो. प्रवासाची मुदत आधी ठरलेली असावी, त्याचा हिशेब घरच्यांना ठाऊक असावा आणि त्यात प्रेक्षणीय स्थळांपेक्षा माणसांची कामे पाहिली जावीत, एवढ्या तीन अटी मी त्याला घालतो.

केव्हा निघावे

शेतकरी कुटुंबातील पदवीधराने निघण्याची तारीख ठरवताना आधी शेतीच्या कामांकडे पाहावे. मृग लागल्यापासून पेरणी, डवरणी, निंदण आणि फवारणी यांत घरातले सगळे हात गुंतलेले असतात आणि त्या काळात निघालेल्या मुलाचे काम मजुराकडून करून घ्यावे लागते, म्हणजे प्रवासाचा खर्च दुप्पट होतो. पोळा झाला की कामाचा जोर ओसरतो आणि सोयाबीनची कापणी सुरू होईपर्यंत तीन ते पाच आठवडे मोकळे मिळतात. दुसरी मोकळीक तूर घरात आल्यानंतर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तेव्हा दिवस कोरडे आणि रात्री सुखाच्या असल्याने प्रवासाला ते दिवस अधिक चांगले. वरूड-मोर्शीकडे ज्यांच्या बागेत मृग बहाराचा संत्रा आहे, त्यांना मात्र फेब्रुवारी जमणार नाही, कारण तोच तोडणीचा काळ असतो. एप्रिलनंतर पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की नव्या माणसाने लांब पल्ल्याला निघूच नये.

मी निघालो ते पोळ्यानंतर. घरी सांगितले तेव्हा बाबा धुऱ्यालगतच्या पराटीपाशी, म्हणजे कपाशीच्या झाडांपाशी, उभे होते. कोठे जाणार, किती पैसे लागणार, हे त्यांनी विचारले नाही. एका फांदीवरची हिरवी बोंडे त्यांनी एकेक करून दोन बोटांत दाबून पाहिली आणि ते म्हणाले, “सीतादहीच्या आंधी घरी येजो.” पहिल्या वेचणीच्या वेळी वावरात जी पूजा होते तिला आमच्याकडे सीतादही म्हणतात, आणि ती कधी येणार हे बोंडांवरून त्यांना कळले होते. परतीची तारीख अशी पिकाने ठरवून दिलेली असली की ती मोडवत नाही, आणि घरच्यांनाही मुलगा भटकत सुटला असे वाटत नाही.

घरी कसे बोलावे

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण प्रवास बहुतेक वेळा पैशाअभावी नव्हे, तर घरच्यांशी नीट बोलणे न झाल्यामुळे राहून जातो. “फिरायला जातो” असे सांगितले की ज्यांच्या डोक्यावर पीककर्ज आहे त्या आईवडिलांच्या पोटात गोळा उठतो, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. त्यांना एका कागदावर लिहून दाखवावे: कोणत्या तारखेला कोठे असणार, तेथे कोणाचा फोन नंबर आहे, कोणते काम पाहणार, किती पैसे लागणार आणि ते कोठून आणणार. हा कागद घरात कोनाड्यात किंवा दिनदर्शिकेच्या मागे राहू द्यावा आणि बेत बदलला तर फोन करून त्यावर दुरुस्ती करायला सांगावी. रोज रात्री ठरलेल्या वेळी एक फोन, तो दोन मिनिटांचा असला तरी चालेल, पण चुकवू नये.

पैसे स्वतः मिळवलेले असावेत. दोन-तीन महिने शिकवण्या घेऊन, मळणीयंत्रावर किंवा कोणाच्या दुकानात काम करून प्रवासापुरते पैसे गोळा होतात. पीककर्जाच्या रकमेला किंवा बी-बियाण्यासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावू नये, आणि प्रवासासाठी उसनवारी तर मुळीच करू नये. शैक्षणिक कर्ज घेतले असेल तर हप्ते केव्हा सुरू होतात हे बँकेत जाऊन विचारावे. पुष्कळ कर्जांत अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षभराची सवलत असते, पण तेवढ्या काळात व्याज साचत राहते, हे विसरू नये.

वयाचा हिशेबही घरीच बसून करावा. राज्यसेवा परीक्षेची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षे आहे, तेव्हा एकविसाव्या वर्षी महिनाभर बाहेर घालवल्याने तेथे काही बिघडत नाही. पोलीस शिपाई भरतीत हीच मर्यादा सर्वसाधारणपणे २८ आणि ३३ वर्षे असते, आणि अग्निवीर होण्याचे वय तर पदवी हातात पडेपर्यंत सरत आलेले असते. ज्यांचे मन वर्दीकडे आहे त्यांनी आधी भरतीचे वेळापत्रक पाहावे आणि प्रवासातही पहाटेचे धावणे सोडू नये. मुलांचे १६०० मीटर आणि मुलींचे ८०० मीटर यांचा सराव महिनाभर तुटला तर तो परत जमवायला आणखी एक महिना जातो.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि महाविद्यालय सोडल्याचा दाखला हातात आल्याशिवाय निघू नये. अधिवास, जात आणि जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर त्याचा अर्ज आधी टाकावा. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राला मुदत असते, त्यामुळे जुने आहे म्हणून निश्चिंत न राहता त्यावरची तारीख वाचावी. आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करून निघाले की तुम्ही बाहेर असताना फाईल पुढे सरकत राहते, आणि प्रवासाचे दिवस वाया गेल्यासारखे होत नाहीत. मूळ कागद घरी ठेवावेत. सोबत आधार कार्ड, छायाप्रतींचे दोन संच आणि डिजिलॉकर पुरते.

मी प्रवासात असताना एका परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख निघून गेली आणि ती चूक पूर्णपणे माझीच होती, कारण जाहिरात आली तर मला कळवायला मी कोणालाच सांगून ठेवले नव्हते. तेव्हापासून मी सांगतो की तुमच्याच अभ्यासाला लागलेल्या एका मित्राकडे हे काम सोपवावे आणि आठवड्यातून एकदा त्याला विचारावे.

कोठे जावे

कोठे जावे असे मला विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो की तुमच्या गावातून ट्रक भरून काय बाहेर जाते. त्याच्या मागे जावे. भंडारा-गोंदियाकडचे तांदळाच्या मागे जातील, गडचिरोलीचे बांबू, मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या मागे, वणी-चंद्रपूरचे कोळशाच्या मागे, वरूडचे संत्र्याच्या मागे नागपूरच्या कळमना बाजारातून दिल्लीच्या आझादपूर मंडीपर्यंत. मी कापसाच्या मागे गेलो, म्हणून तोच रस्ता नीट सांगतो.

पहिला मुक्काम आपल्याच तालुक्याच्या बाजारपेठेत, हिंगणघाट, अकोट, वणी किंवा पांढरकवडा येथे करावा आणि एखादे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना, आतून पाहावे. मात्र जिनिंग पाहायचे तर कापूस येत असलेल्या काळात, म्हणजे दिवाळीनंतर फेब्रुवारी-मार्चपर्यंत जावे. पोळ्यानंतर निघणाऱ्यांनी हा टप्पा परतल्यावर हिवाळ्यात करावा. एका क्विंटल कापसातली सरकी वेगळी काढली की साधारण एक तृतीयांश रुई निघते, उरलेल्या बहुतेक भागाची सरकी होते, सरकीतून तेल आणि ढेप निघते, आणि रुई दाबून १७० किलोची एक गाठ बांधली जाते. म्हणजे एका गाठीमागे सुमारे पाच क्विंटल कापूस. हे आकडे शेतकऱ्याच्या मुलाला पाठ असायला हवेत असे मला मनापासून वाटते, कारण भाव कोठे ठरतो आणि कोणाच्या हातात किती राहते, हा सारा विचार त्यांच्यापासून सुरू होतो. तेथे मालकाला भेटण्याची घाई न करता प्रतवारी करणारा, काटा पाहणारा आणि हिशेबनीस या तिघांशी बोलावे. या तिन्ही पदवीधराला मिळू शकणाऱ्या नोकऱ्या आहेत आणि गावात त्यांची कोणाला फारशी माहिती नसते.

दुसरा टप्पा नागपूर. केंद्रीय कापूस संशोधन संस्था येथे १९७६ पासून आहे. विज्ञान किंवा कृषी शाखेच्या पदवीधराने आधी पत्र पाठवून, परवानगी घेऊन जावे. ज्या रुळांवरून तुम्ही जाता तेही कापसासाठीच आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्याची सोय तिने केली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मुंबईतील हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्थानकावर उतरलात तर त्या नावामागचा कापूस आपल्याकडचाही होता, हे ध्यानात ठेवून आजूबाजूला पाहावे.

तिसरा टप्पा यंत्रमागाचा. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्धा, बडनेरा, अकोला या वाटेने थेट कोल्हापूरला जाते आणि तेथून इचलकरंजी एसटीने जवळ आहे. गल्लीगल्लीतून यंत्रमागांचा आवाज येत असतो आणि एकाच घरात पुढे मागांची खोली व मागे स्वयंपाकघर असेही दिसते. चौथा टप्पा सगळ्यांना जमणार नाही, पण जमला तर अवश्य करावा: तमिळनाडूतील तिरुप्पूर. नागपूरहून केरळकडे जाणाऱ्या काही गाड्या सेलम, इरोड या मार्गाने तिरुप्पूर आणि कोईमतूरला थांबतात. तेथे होजियरीचे कपडे शिवून परदेशी जातात आणि ओडिशा, बिहार, झारखंडकडची मुले-मुली मोठ्या संख्येने काम करतात. आपली हिंदी तेथे फारशी उपयोगी पडत नाही. राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता तमिळमध्ये लिहून घेऊन खिशात ठेवावा. आपल्या वावरातला कापूस टी-शर्ट होईपर्यंत कोणकोणते हात लागतात, हे तेथे उभे राहून पाहिल्यानंतर माझ्यापुरते नोकरी या शब्दाचे अर्थ पुष्कळ वाढले.

कोणत्याही कामाच्या ठिकाणी काय विचारावे, हे आधी लिहून न्यावे. तुम्ही येथे कसे लागलात, पहिल्या महिन्यात हातात किती आले, राहण्या-जेवण्याला किती गेले, तुमच्यासोबत आलेल्यांपैकी किती जण परत गेले आणि का गेले, आणि तुमच्या मुलाने हेच काम करावे असे तुम्हाला वाटते काय. शेवटच्या प्रश्नावर माणूस थोडा थांबतो आणि मग जे बोलतो ते सर्वांत कामाचे असते. छायाचित्र किंवा चित्रफीत विचारल्याशिवाय काढू नये. कारखान्यात तर मोबाइल खिशातच ठेवावा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत किंवा पाळी बदलताना गेले तर माणसे मोकळी सापडतात. मी पहिल्या दिवशी ऐन कामाच्या वेळी जाऊन उभा राहिलो आणि तासाभराने कोणाशीही न बोलता परतलो.

ज्यांना पिकापेक्षा समाजाच्या कामात रस आहे, त्यांना विदर्भाबाहेर जाण्याचीही गरज नाही. सेवाग्रामला यात्री निवास आहे. १९३६ मध्ये गांधीजी तेथे राहायला आले त्या कुट्या अजून उभ्या आहेत आणि आश्रमाची प्रार्थना आजही होते. वरोऱ्याजवळचे आनंदवन, भामरागडजवळचे हेमलकसा, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा), ज्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, ही ठिकाणे शांतपणे, परवानगी घेऊन आणि किमान दोन दिवस राहून पाहावीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा ‘निर्माण’ हा उपक्रम तुमच्याच वयाच्या मुलामुलींसाठी आहे. त्याची शिबिरे निवड करून होतात, म्हणून अर्जाच्या तारखा आधी पाहाव्यात.

तिकीट, मुक्काम आणि शिदोरी

जवळच्या प्रवासाला एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार आणि सात दिवसांच्या पासची योजना सोयीची आहे. चालू दर आगारात विचारावेत. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा तारीख ठरताच परतीचे तिकीटही काढून टाकावे. तत्काळ तिकीट आदल्या दिवशी मिळते आणि शयनयान श्रेणीसाठी सकाळी अकराला खिडकी उघडते, पण तेवढ्या भरवशावर बेत आखू नये. निघालेल्याच स्थानकावर परत यायचे असेल आणि वाटेत चार-पाच ठिकाणी उतरायचे असेल, तर मोठ्या स्थानकावर वर्तुळाकार प्रवासाच्या तिकिटाची चौकशी करावी; वेगवेगळी तिकिटे काढण्यापेक्षा ते बरेच स्वस्त पडते.

राहण्यासाठी देवस्थानांची भक्तनिवासे, गुरुद्वारे आणि युवा वसतिगृहे बघावीत. शेगावचे भक्तनिवास आणि नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची यात्री निवासे वऱ्हाडातून रेल्वेने सहज गाठता येतात, आणि नांदेडला लंगरमध्ये कोणालाही जेवायला मिळते. मात्र डोके झाकावे आणि जेवल्यावर भांडी घासायला थोडा वेळ थांबावे. काही धर्मशाळा एकट्या माणसाला खोली देत नाहीत. मला एका गावी रात्री दहा वाजता असे परत पाठवले गेले आणि ती रात्र मी स्थानकाच्या प्रतीक्षालयात काढली. म्हणून फोन करून, एकटा येत आहे असे स्पष्ट सांगून, मगच निघावे, आणि नव्या गावी उजेड असतानाच पोहोचावे.

प्रवासभाडे सोडून दिवसाला तीनशे ते चारशे रुपयांत साधेपणाने भागते, असा माझा अंदाज आहे. परतीपुरते पैसे वेगळ्या कापडी बटव्यात ठेवावेत आणि ते आपले नाहीतच असे समजावे, कारण मोबाइल बंद पडला किंवा हरवला तर यूपीआयवर विसंबलेला माणूस परगावी अगदी हतबल होतो. शिदोरीला दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा घ्यावा. दशम्या दोन-तीन दिवस टिकतात आणि त्यांच्यामुळे डब्यात शेजाऱ्याशी ओळखही होते. सामान एका पाठपिशवीत मावेल एवढेच.

मुलींचा प्रवास

मुलींनी प्रवास करू नये, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. प्रवास कसा शक्य होतो ते सांगतो. पहिल्यांदा दोघी मैत्रिणींनी मिळून जावे, मुक्काम संस्थेत किंवा नातेवाइकांकडे आधीच पक्का करावा, रात्रीचा प्रवास टाळावा, आणि रेल्वेचा १३९ व आपत्कालीन ११२ हे क्रमांक पाठ ठेवावेत. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे पडते, त्यामुळे राज्यातला प्रवास मुलींना मुलांपेक्षा स्वस्त झाला आहे. पवनारचे ब्रह्मविद्या मंदिर हे विनोबांच्या प्रेरणेने स्त्रियांनी चालवलेले आश्रमस्थान आहे. सुरुवात तेथून केली तर घरच्यांची काळजी बरीच कमी होते.

माझ्या धाकट्या बहिणीने पदवीनंतरच्या हिवाळ्यात प्रवास केला आणि पहिल्या चार दिवसांसाठी आईलाच सोबत घेतले. आयुष्यभर कापूस वेचलेल्या आईने जिनिंग आतून तेव्हा पहिल्यांदा पाहिले. प्रतवारी करणाऱ्याने मूठभर कापूस हातावर पसरून त्यातली पत्ती आणि कवडी (नीट न फुललेला, डागी कापूस) नखाने बाजूला केली आणि किती भाव कमी होतो ते सांगितले, तेव्हा ती बराच वेळ त्याच्या हाताकडे पाहत राहिली. घरी आल्यापासून ती कवडी वेगळ्या फडक्यात वेचते. पाचव्या दिवशी बहीण एकटी पुढे गेली आणि त्याबद्दल घरात कोणी एक शब्द बोलले नाही.

परतल्यावर

सोबत शंभर पानी वही ठेवावी आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा खर्च, भेटलेली माणसे आणि पाहिलेले एक काम, एवढे त्यात लिहावे. परतल्यावर आठ दिवसांच्या आत ती वही घरी वाचून दाखवावी, खर्चाची पानेही वगळू नयेत. मग वहीतील कामांतून दोन-तीन निवडून त्यांसाठी काय शिक्षण किंवा प्रशिक्षण लागते ते शोधावे. पदवीधरांसाठी राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत विद्यावेतनासह वर्षभराचे प्रशिक्षण मिळते आणि तिच्या संकेतस्थळावर नोंदणी घरबसल्या होते. ज्यांनी वाटेत जेवू घातले किंवा वेळ दिला, त्यांना त्याच आठवड्यात फोन करून पोहोचल्याचे कळवावे. सेवा केंद्रात टाकलेले अर्ज तोवर निघालेले असतात. ती प्रमाणपत्रे घेऊन यावीत, नावातील अक्षरे गुणपत्रिकेशी ताडून पाहावीत, आणि चूक असेल तर वेचणीला हात लागण्याआधी दुरुस्तीचा अर्ज देऊन टाकावा.